सिद्दींचे टक्के, सिद्दींची ओळख : एका पेपरशी भांडण



'पेट' पास झाली, गाईड मिळाले, आता पेपर वाचायचे म्हणजे नेमकं काय करायचं? पहिल्या वर्षी मला हा प्रश्न फार छळायचा. मी ॲब्स्ट्रॅक्ट वाचायचे, आकृत्या बघायचे, निष्कर्षावर पिवळा मार्कर फिरवायचे की झाला पेपर 'वाचून'. पेपरशी भांडत भांडत वाचायचं असतं, हे मला एका विशिष्ट पेपरनं शिकवलं. आज त्याच्याविषयी लिहिते.

पेपर 2011 चा आहे, 'अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स'मधला. अनीश शाह पहिले लेखक. हैदराबादच्या सीसीएमबीचे लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज हे त्यातले ज्येष्ठ. शीर्षकाचा सरळ अर्थ असा : 'भारतीय सिद्दी : भारतीय मिसळण असलेले आफ्रिकी वंशज'. हे शीर्षक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधी हा पेपर माझ्या हातात कसा आला ते सांगते. मी कळंबची, यवतमाळ जिल्ह्यातलं चिंतामणीचं कळंब. आमच्याकडे सिकलसेल हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो. आदिवासी पाड्यांत, कोलामांच्या पोडांवर, बौद्ध वस्त्यांमध्ये घरटी नाही तरी गल्लीत कोणीतरी 'एएस' किंवा 'एसएस' निघतोच. मी स्वतः 'एएस' म्हणजे वाहक आहे. एमएस्सीला असताना एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचलं की सिकलसेल हा 'काळ्या लोकांचा आजार' आहे. सुट्टीत घरी आल्यावर सहज मायला सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "म्हंजे आपून आफ्रिकेतून आलो का वं?"

मी हसले, पण उत्तर देता आलं नाही. माझ्या मनातही तेच आलं होतं. शाळेत माझ्या रंगावरून मला 'हबशी' म्हणणारी पोरं होती. तेव्हा ती शिवी वाटायची. पुस्तक वाचून वाटलं, च्यायला, ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते की काय!

नव्हते. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी या आजाराचं पहिलं वैद्यकीय वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तेव्हापासून कित्येक दशकं हा 'निग्रो लोकांचा आजार' समजला गेला. 1952 मध्ये लेमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचे वाहक दाखवले आणि त्या समजुतीला तडा गेला. पुढे कळलं की बदल तोच असला, म्हणजे बीटा ग्लोबिनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, तरी त्याच्या शेजारच्या खुणा वेगळ्या असतात. आफ्रिकेत सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून अशा नावांचे नमुने सापडतात. आपल्याकडे सापडतो तो 'अरब-भारतीय' नमुना. म्हणजे माझ्या रक्तातला 'एस' हा चार-पाचशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या कुठल्या पूर्वजाचा पुरावा नाही. मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहिलेला तो एक बदल आहे.

मग ज्यांचे पूर्वज खरोखर आफ्रिकेतून आले, त्यांचं काय? असं करत करत मी सिद्दींच्या पेपरपर्यंत पोचले.

पेपर काय सांगतो ते आधी प्रामाणिकपणे मांडू. टीका करण्याआधी पेपरची बाजू त्याच्या लेखकांना पटेल अशी मांडता आली पाहिजे, नाहीतर ती टीका नसून नुसता वैताग ठरतो. कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दींचे नमुने घेतले. लाखो जनुकीय खुणा तपासल्या. वाय क्रोमोसोम म्हणजे बापाकडची रेघ आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए म्हणजे आईकडची रेघ, दोन्ही वेगवेगळ्या बघितल्या. निष्कर्ष तीन निघाले. सिद्दींमध्ये आफ्रिकी, भारतीय आणि कदाचित युरोपीय, म्हणजे पोर्तुगीज, वारसा आहे. आफ्रिकी वारसा सहाराच्या दक्षिणेकडल्या बांटू भाषिकांशी जुळतो. आणि शेजारच्या भारतीय समाजांशी मिसळण बहुधा गेल्या आठ पिढ्यांत, म्हणजे सुमारे 200 वर्षांत झाली. काम नेटकं आहे. तीन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले आहेत. 'कदाचित' हा शब्द जिथे हवा तिथे वापरला आहे. हे शिकण्यासारखं आहे.

आता भांडण.

पहिला मुद्दा नमुन्यांचा. नमुने कर्नाटक-गुजरातचे आणि शीर्षकात 'भारतीय सिद्दी'. मग महाराष्ट्र कुठे गेला? आपल्याकडे मुरूड-जंजिऱ्याला सिद्दींचं स्वतःचं राज्य होतं, ते थेट 1948 मध्ये विलीन झालं. त्याआधीचा मलिक अंबर घ्या. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून अनेकदा विक्री, दख्खनमध्ये आगमन, पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये म्हटलंय की ऐतिहासिक नोंदींनुसार सिद्दींना पोर्तुगीजांनी 300 ते 500 वर्षांपूर्वी आणलं. पण मलिक अंबर पोर्तुगीजांच्या जहाजातून आला नव्हता. तो अरबी व्यापाराच्या वाटेने, बगदादमार्गे आला. आणि 'हबशी' हा शब्दच मुळात हबश म्हणजे इथिओपियावरून आलेला आहे. इथिओपिया काही बांटू भाषांचा प्रदेश नाही.

म्हणजे पेपर चुकला का? नाही. कारवार-यल्लापूरकडच्या सिद्दींसाठी तो बरोबर असू शकतो. गोव्यातून पळून घाटावरच्या जंगलात शिरलेल्या गुलामांची कहाणी तिथे नीट बसते. पण 'सिद्दी' या एका नावाखाली किमान दोन वाटांनी, वेगवेगळ्या शतकांत आलेले लोक आहेत. कोणी गुलाम, कोणी सैनिक, कोणी खलाशी, कोणी नवाब. नाव एक म्हणून लोकसंख्या एक असं धरून चालणं ही आपल्या क्षेत्रातली फार जुनी खोड आहे. नमुना जिथला, निष्कर्ष तिथलाच.

दुसरा मुद्दा त्या 200 वर्षांचा. हे गणित कसं चालतं? दोन वेगळ्या रंगांच्या पाठीचे पत्त्यांचे कॅट एकावर एक ठेवा आणि पिसा. एकदा पिसलं की एका रंगाचे लांब गठ्ठे दिसतात. आठ वेळा पिसलं की गठ्ठे लहान होतात. क्रोमोसोमचंही तसंच. दर पिढीत अदलाबदल होते आणि आफ्रिकी व भारतीय तुकड्यांची लांबी कमी होत जाते. त्या लांबीवरून किती वेळा 'पिसलं' ते काढतात. एक पिढी सुमारे 25 वर्षं धरली की आठ पिढ्या म्हणजे 200.

पण यात गृहीत काय आहे? की मिसळण एकदाच झाली. समजा पिसणं चालू असताना मधेमधे कोणी नवे पत्ते घालत राहिलं तर? 300 वर्षं अधूनमधून लग्नं होत राहिली, तर नव्याने आलेले लांब तुकडे हिशोबाला अलीकडे ओढतात. उत्तर 200 येईल, पण त्या साली काही 'घडलं' असेलच असं नाही. ते एक प्रकारचं सरासरी उत्तर आहे. आणि हे 'ऐतिहासिक नोंदींशी सुसंगत' आहे असं म्हणताना विचारायला हवं, विसंगत ठरायला नेमका कोणता आकडा यावा लागला असता? 100 आला असता तरी सुसंगत, 400 आला असता तरी सुसंगत. ज्या दाव्याला हरायची सोयच नाही, त्याच्या जिंकण्याला फार किंमत देऊ नका.

तिसरा मुद्दा शीर्षकाचा, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारा. 'भारतीय मिसळण असलेले आफ्रिकी वंशज'. म्हणजे मूळ माल आफ्रिकी आणि वरून भारतीय मिसळलेलं. पण यल्लापूरच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, कोकणी वळणाची बोली बोलणारा, हिंदू, ख्रिस्ती किंवा मुसलमान असलेला माणूस 'आफ्रिकी पूर्वज असलेला भारतीय' का नाही? आकडेवारी तीच, फक्त नाम आणि विशेषण यांची जागा बदलली. ही जागा डीएनए ठरवत नाही, लिहिणारा ठरवतो.

हा शब्दच्छल नाही. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने एक योजना काढली होती. सिद्दी मुलं आफ्रिकी वंशाची, म्हणजे धावण्यात पुढे असणारच, अशा हिशोबाने त्यांना निवडून प्रशिक्षणाला नेलं. काही जण खरोखर चमकले. मग काही वर्षांतच योजना गुंडाळली आणि पोरं घरी परतली. त्यांना निवडताना 'आफ्रिकी' हे नाम होतं. योजना बंद झाल्यावर त्यांच्यासाठी कोणतंच नाम उरलं नाही.

इथे लॅटिन अमेरिकेकडे बघणं उपयोगी पडतं. ब्राझीलच्या जनगणनेत माणूस आपला रंग स्वतः सांगतो. 2022 मध्ये 45.3 टक्के लोकांनी स्वतःला 'पार्दो' म्हणजे मिश्र म्हटलं, 43.5 टक्क्यांनी गोरे आणि 10.2 टक्क्यांनी काळे. तिथली काळ्यांची चळवळ काळे आणि मिश्र या दोघांना मिळून 'नेग्रो' म्हणते, आणि हे नाव अभिमानाने लावते. 2007 मध्ये बीबीसीच्या ब्राझील विभागाने काही नामवंत कृष्णवर्णीयांचे डीएनए तपासून घेतले. त्यात सांबा गायक नेगिन्यो दा बेजा-फ्लोर होते. त्यांच्या नावातच 'काळू' आहे. त्यांचा वारसा निघाला 67.1 टक्के युरोपीय! मग ते काळे नाहीत? रस्त्यावर पोलीस अडवतो तेव्हा तो डीएनए रिपोर्ट मागत नाही, चेहरा बघतो. म्हणूनच तिथल्या विद्यापीठांत राखीव जागांसाठी ज्या पडताळणी समित्या बसतात त्या दिसणं तपासतात, जनुकं नाही. भेदभाव ज्यावरून झाला, दाद त्यावरूनच मिळावी, हा त्यामागचा तर्क आहे.

आपल्याकडे उलटं. इथे चेहराही नाही आणि जनुकंही नाहीत, इथे यादी. गुजरातेत सिद्दी अनुसूचित जमातीत आहेत, पण सौराष्ट्रातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरते. भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दींचं मोठं श्रद्धास्थान, बावा गोरचा दर्गा आहे, पण तो जिल्हा त्या यादीत नाही. कर्नाटकात 2003 मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना दर्जा मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना 2020 ची दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागलं. मधल्या 17 वर्षांत जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रक्ताचा माणूस वेगळा ठरत होता. 'सिद्दी कोण' या प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देणाऱ्या पेपरला या वास्तवाची दखल घ्यावीशी वाटत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि अभिमानाला जनुकं लागतात का? 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी कोणाचा वाय क्रोमोसोम तपासला नव्हता. अनुभव ओळखीचा होता, तेवढं पुरलं. उलट, महाराष्ट्रात मलिक अंबरची जमीन महसुलाची पद्धत आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि त्याच वर्गात काळ्या पोरीला 'हबशी' म्हणून चिडवतो. त्या दोन हबशांची गाठ आपल्या डोक्यात कधी पडतच नाही.

शेवटी एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी एका सिकलसेल तपासणी शिबिरात मदतीला म्हणून कळंबजवळच्या एका कोलाम पोडावर गेले होते. एक म्हातारेबुवा हात पुढे करेनात. म्हणाले, "मांगच्या खेपेलेही रगत नेलं. मंग काय निंगालं ते सांगाले कोनीच नाई आलं." माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. आधी कोण येऊन गेलं होतं, तेही मला कळलं नाही.

तर पुढच्या वेळी लोकसंख्येच्या जनुकांवरचा पेपर वाचाल तेव्हा चार गोष्टी विचारा. नमुने नेमके कुठले आणि शीर्षक केवढं? आकड्यामागे कोणतं गृहीत लपलंय? दावा खोटा ठरायची वाट ठेवलीय का? आणि ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकाल त्यांच्या भाषेत कोणी सांगितला का? चौथा प्रश्न व्हायव्हामध्ये तुम्हाला बहुतेक कोणी विचारणार नाही. पोडावर मात्र विचारतात.

मायला मी नंतर सगळं समजावून सांगितलं, अरब-भारतीय नमुना वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आलो असतो तिकडून, तरी काय लाजाचं हाय त्याच्यात?" माझ्या पहिल्या वर्षाच्या नोट्समध्ये हा मुद्दा नव्हता. आता आहे.