सिद्धांताच्या दारची पायरी

ब्रिटनमधील ‘यूनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ या संघटनेनें १९७६ सालीं प्रसिद्ध केलेली तत्त्वविषयक पुस्तिका मोलाची आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. व्यंग देहाचें असतें, अपंगत्व समाज लादतो, असा भेद तिनें केला. चाकाच्या खुर्चीवरील माणसास पायऱ्या अडवितात. त्याच्या पायांस दोष देणें व्यर्थ, हें तिचें सार होय. माइक ऑलिव्हर यांनीं १९८३ मध्यें या विचारास अपंगत्वाचा सामाजिक सिद्धांत म्हणून नांव दिलें.

परंतु पुस्तिकेची व्याख्या शरीरापाशींच थांबते. संघटनेच्या नांवांतही शरीरच आहे. शिकण्यास व समजून घेण्यास ज्यांस अडचण पडते, त्यांचें काय? हा प्रश्न ॲन लुईझ चॅपेल यांनीं १९९८ मध्यें व डॅन गुडली यांनीं २००१ मध्यें पुढें मांडला, आणि आमच्या मतें तो यथार्थ आहे.

पायरी काढतां येते, बुद्धीची उणीव मात्र निसर्गदत्त, असें कोणी म्हणेल. पण हा आक्षेप सिद्धांताच्या मुळावरच येतो. उणीव मोजण्याचें माप कोणाचें? भरभर वाचणें, किचकट अर्ज भरणें, घटकाभरांत उत्तर देणें, यांस शहाणपण ठरविलें तें समाजानें. अक्षरओळख दुर्मिळ होती त्या काळीं न वाचणारा मनुष्य कोणास उणा वाटत नसे. मनाची अडचण कल्पित आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. पण अधू पाय तरी कोठें कल्पित असतो?

मग यांच्यासाठीं उतार कोणता? सोपें वाक्य, जोडीस चित्र, विचार करण्यास वेळ, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवून शेजारीं बसणारा सोबती. लंडनमध्यें १९८४ सालीं अशाच माणसांची ‘पीपल फर्स्ट’ ही संस्था उभी राहिली. आधार मिळाला म्हणजे हीं माणसें आपलें म्हणणें आपण मांडतात, याचा तो पुरावा होय.

सिद्धांताची खरी कसोटी मात्र पुढेंच आहे. त्याचे ग्रंथ ज्यांच्याविषयीं लिहिले जातात, त्यांस ते वाचतां येतील अशा भाषेंत क्वचितच असतात. दुसऱ्यांच्या दारच्या पायऱ्या मोजणाऱ्या शास्त्रानें आपल्या दारची पायरी आधीं पाहावी. ती तशीच आहे तोंवर त्याची व्याख्या अपुरीच राहणार.