व्यक्तिरेखा कोण सांगते? : 'पाचोळा'च्या निमित्ताने कथात्म साहित्यातील निवेदकाचा विचार

बीजसंज्ञा : व्यक्तिरेखा, निवेदक, बोली, ग्रामीण कादंबरी

कथात्म साहित्याचा विचार करताना कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, निवेदन व भाषा अशी घटकवार विभागणी करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने लेखनतंत्राच्या चर्चेला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेले सपाट व भरीव व्यक्तिरेखांचे वर्गीकरणही पुढे आपल्या अध्यापनात स्थिरावले. परिणामी व्यक्तिचित्रण हा जणू एक स्वतंत्र कप्पा होऊन बसला. पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना याचा प्रत्यय येतो. नायक कष्टाळू, स्वाभिमानी व करारी असतो; नायिका सोशिक, प्रेमळ व कर्तव्यदक्ष असते. कादंबरीचे नाव झाकले तर उत्तर कोणत्या कलाकृतीवरचे आहे हे ओळखणे कठीण जावे. हा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. स्वभावविशेष क्रमांक घालून फळ्यावर लिहून देणारे आपणच असतो.

व्यक्तिरेखा स्मरणात राहते ती तिच्या अंगच्या गुणांमुळे, की ती कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचते यामुळे, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित केला आहे. त्यासाठी रा. रं. बोराडे (१९४०–२०२५) यांची 'पाचोळा' (१९७१) ही मराठवाड्यातील कादंबरी प्रामुख्याने विचारात घेतली आहे.

'पाचोळा'चा विषय गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत हा आहे. गावातील सत्तेशी पडलेली गाठ आणि गंगारामचा ताठरपणा यांतून ही वाताहत घडते. मात्र कादंबरी गंगाराम सांगत नाही, सर्वज्ञ निवेदकही सांगत नाही. ती सांगते त्याची बायको पारबती, आणि तीही संपूर्णपणे आपल्या बोलीत. या निवडीचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले गेले नाही असे वाटते. ज्या समाजात नवऱ्याचे नाव घेण्यासही उखाण्याचा आडोसा लागतो, त्या समाजातील एक स्त्री येथे कादंबरीभर नवऱ्याविषयी बोलते. तिचे बोलणे हीच या कादंबरीतील पहिली धाडसाची कृती होय.

फॉर्स्टर यांची कसोटी लावली तर गंगाराम सपाट ठरण्याची शक्यता अधिक. तो एका बाण्याचा माणूस आहे. भरीव व्यक्तिरेखेने आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करावे, अशी फॉर्स्टर यांची अपेक्षा असते. गंगारामचा हट्ट चकित करत नाही, तो केवळ अधिकाधिक महाग पडत जातो. तरीही हा माणूस वाचकाच्या मनातून हलत नाही. याचे कारण असे की, येथे हालचाल व्यक्तिरेखेत नसून तिच्याकडे पाहणाऱ्या नजरेत आहे. त्रयस्थ निवेदकाने हीच कथा सांगितली असती तर गंगारामचा ताठरपणा 'बाणेदारपणा' या एका शब्दात उजळून निघाला असता. पारबतीच्या तोंडी त्याच ताठरपणाचा हिशेब घरातून सुरू होतो. तिला नवऱ्याचा राग येतो, त्याची भीती वाटते, आणि गावाने त्याच्यावर अन्याय केला हेही ती विसरू शकत नाही. ती वकीलही होत नाही आणि न्यायाधीशही. या ओढाताणीतून जो गंगाराम उभा राहतो तो विशेषणांच्या यादीत मावत नाही.

'पाचोळा'च्या यशाचे श्रेय सरसकट बोलीला देण्याची प्रवृत्ती समीक्षेत दिसते. ती मान्य करता येत नाही. सत्तरच्या दशकानंतरच्या कितीतरी ग्रामीण कथांत निवेदन प्रमाणभाषेत व संवाद बोलीत, अशी वाटणी आढळते. तेथे लेखक आणि वाचक ओसरीवर बसलेले असतात, पात्र मात्र अंगणात उभे असते. बोली असूनही पात्र नमुनाच राहते. उलट व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) निवेदक शिकलेला, बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. त्याचे निवेदन बोलीत नाही. तरीही कारभारी किंवा बारीकसारीक चोऱ्या करणारा आनंदा रामोशी थोडक्या रेषांत कायमचे लक्षात राहतात. कारण मास्तर तेथे प्रेक्षक उरत नाही. वाडीचा विश्वास मिळवल्याशिवाय त्याची शाळाच उभी राहत नाही आणि अंजीच्या निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात आलेले किल्मिषही त्याला सोसावे लागते. म्हणजे प्रश्न केवळ भाषेचा नाही. सांगणाऱ्याचे स्वतःचे काही पणाला लागले आहे काय, हा आहे.

परभणीपुरते बोलायचे तर बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्या दोन कादंबऱ्यांची शीर्षकेच या संदर्भात बोलकी आहेत. 'बाबू दडके' (१९४४) हे एका माणसाचे साधे, बिनदिमाखाचे नाव; 'आडगावचे चौधरी' (१९५४) मध्ये मात्र गाव आणि घराणे पुढे येते, व्यक्ती मागे राहते. एकाच लेखकाने माणसाला दोन अंतरांवरून पाहिले. त्यांच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमांची आपल्याला सवय आहे, या कादंबऱ्यांच्या निवेदनाच्या अभ्यासाची तेवढी नाही. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभल्यानंतर जिल्ह्यातील तरुण कथेकडे वळत आहेत ही समाधानाची बाब होय. मात्र त्यांच्या लेखनातील शेतकरी बाप बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला असतो.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी वडिलांवर लिहून आलेल्या मजकुरांत 'कष्टाळू' हा शब्द नव्हता असा कागद क्वचितच होता. तेव्हा विद्यार्थ्यांना सांगितले, तोच माणूस आता आईच्या तोंडून लिहा. अनेकांनी कागद कोरा परत दिला. आई वडिलांविषयी काय बोलेल हे आपल्याला ठाऊकच नाही, असे त्यांचे म्हणणे. एका विद्यार्थिनीने मात्र पाऊण पान लिहिले. त्यात बाप बाजारातून येताना पिशवी चुलीजवळ ठेवतो की दारात टाकतो, यावरून आई त्या दिवशीचा भाव ओळखते. बापाच्या स्वभावाविषयी त्यात एकही विशेषण नव्हते. तो मजकूर फलकावर लावायचा का, असे विचारले असता ती म्हणाली, "नको सर, आईला कळलं तर?"