भास्कर नसलेलं घर

आज महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’बद्दल बोलतोय, पण संत तुकाराम नगरातून.

१९८५चं नाटक. वडील वारल्यावर सुधीर मुंबईहून धरणगावला येतो. तेराव्याचा खर्च, दागिने, वाटण्या. दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण अजून याच नाटकाचं माप लावतो. इथं ते बसत नाही. आमच्या सोसायट्यांतले वडील एचए किंवा टेल्कोतून एकाच नोकरीत निवृत्त झाले. मुलगा आधी हिंजवडीत, मग बंगळुरूला, आता हैदराबादला. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, अकरा महिन्यांचा भाडेकरार, आणि पुन्हा खोकी बांधा!

सुधीरची सगळी घालमेल एका गोष्टीवर उभी आहे: मागे थोरला भास्कर राहिलाय. त्याच्याशी भांडता येतं, त्याच्यापुढे शरमताही येतं. तिसऱ्या भागात, ‘युगान्त’मध्ये, स्वीडनहून आलेल्या अभयलासुद्धा बोलायला पराग भेटतो. एकुलत्या एक इंजिनिअरच्या घरी मागे राहणारा भाऊच नाही. ‘जा’ म्हणणारे आईवडीलच, त्यामुळे तक्रार तरी कुणी करायची?

रात्री वडिलांना वायसीएममध्ये न्यावं लागतं. कागदावर शेजारी सही करतो, मुलगा व्हिडिओ कॉलवर. त्या शेजाऱ्याला भास्कर म्हणायचं का? मला नाही वाटत. भास्कर हक्कानं चिडू शकत होता. हा सही करतो, घरी येतो, आणि सकाळी मुलालाच धीर देतो.