'स्मृतिचित्रे' आणि ख्रिस्ती श्रद्धेचा कौटुंबिक वारसा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठी आत्मचरित्रवाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे स्थान अढळ आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली. विक्षिप्त पतीबरोबरच्या संसाराचे खेळकर चित्रण हे त्यातील एक आणि धर्मांतराची कहाणी हे दुसरे. एका घरात नवी श्रद्धा कशी रुजते व पुढच्या पिढीकडे कशी जाते, हा प्रश्न मात्र या चर्चेत काहीसा बाजूला राहिला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

ठाणे परिसराची पार्श्वभूमी :
ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक अर्थपूर्ण ठरतो. ठाण्यात १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या चार धर्मोपदेशकांना प्राण गमवावे लागले. पुढे पोर्तुगीज अमलात येथील कॅथलिक समाज स्थिरावला. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या ताब्यात आली, तरी या समाजाची श्रद्धा टिकली. राजसत्तेचा आधार गेल्यावरही सण, प्रार्थना आणि तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा यांच्या बळावर ती घराघरांतून पुढे गेली. येथे श्रद्धा जन्माबरोबर लाभते.

याच परिसरातील कल्याण येथे नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे बालपणीचे काही शिक्षण झाले. त्यांना लाभलेली श्रद्धा मात्र जन्मजात नव्हती. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही श्रद्धा त्यांना आईवडिलांकडून मिळालेली नव्हती, त्यामुळे ती मुलाबाळांपर्यंत पोहोचविण्याची रूढ वाटही त्यांच्यापुढे नव्हती.

विषय विवेचन :
'स्मृतिचित्रे'तील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कुटुंबप्रमुखाचा निर्णय हा कुटुंबाचा निर्णय ठरत नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही काळ लहानग्या दत्तूसह नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीच्या सान्निध्यात आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. टिळकांनीही सक्ती केली नाही. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या पाच वर्षांतील स्थित्यंतर लक्ष्मीबाई तात्त्विक भाषेत मांडीत नाहीत. ज्यांचे बालपण वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात गेले, त्या स्त्रीला एका प्रवासात प्रश्न पडतो की, जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, हे उत्तर पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सिद्ध होतात. पाण्याच्या भांड्याविषयीचा निर्णय आधी होतो, ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर येतो. हा क्रम ध्यानात घेतला, तर पतीमागून गेलेली पत्नी या प्रचलित वाचनाला बाध येतो. पतीने वाट दाखविली असेल, पण ती चालण्याचा निर्णय त्यांचा होता.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन व कीर्तन आणले. मिशनची भाषांतरित मराठी आणि मराठी माणसाच्या ओठांवरची मराठी यांतील अंतर त्यांनी कमी केले. श्रद्धा घरात मुरायची तर ती घरच्या भाषेतच यावी लागते, ही जाण त्यामागे दिसते. बालकवी ठोंबरे हेही टिळकांच्या घरात राहिले. त्यांनी तेथे काव्याचा संस्कार घेतला, धर्म मात्र बदलला नाही. या घरातील संस्कार आणि सक्ती यांतील सीमारेषा यावरून स्पष्ट होते.

तिसरा मुद्दा वारशाच्या दिशेचा आहे. वारसा वरून खाली वाहतो असे सामान्यतः मानले जाते. टिळक कुटुंबात तो उलटाही वाहिला. टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. पुढचे ६४ अध्याय, बेताचेच अक्षरशिक्षण लाभलेल्या पत्नीने लिहिले. पुत्र देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्मले. आईच्या निधनाने अपुरा राहिलेला अखेरचा भाग त्यांनीच पूर्ण केला. पुढे नातू अशोक टिळक यांनी या ग्रंथाचे साक्षेपी संपादन केले. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे अपुरे काम हाती घेतले. येथे श्रद्धेचा वारसा म्हणजे मिळालेली ठेव नसून अंगावर घेतलेले काम आहे.

ग्रंथाची मर्यादा :
तथापि या ग्रंथाला महाराष्ट्रीय ख्रिस्ती कुटुंबाचे प्रातिनिधिक चित्र मानणे धाडसाचे होईल. अहमदनगर परिसरात मिशनच्या कार्यातून ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती. ब्राह्मण घराला जात सोडावी लागली, पण लेखणी त्याच्याजवळ आधीपासून होती. या कुटुंबांना आत्मसन्मान, अक्षर आणि श्रद्धा एकाच वेळी मिळवावी लागली. त्यांच्या आजी-आजोबांचा विश्वास भजनांत आणि आठवणींत राहिला, ग्रंथात क्वचितच आला. 'स्मृतिचित्रे'चा गौरव करताना ही न लिहिलेली स्मृतिचित्रे नजरेआड करणे समीक्षेला परवडणारे नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१. 'स्मृतिचित्रे'त श्रद्धेचे संक्रमण आज्ञेने न होता सहवासाने, विरोधाने आणि प्रश्नाने होते.
२. स्त्री ही केवळ परंपरेची वाहक नसून ती परंपरेची चिकित्सा करणारी व तिला पूर्णत्व देणारी आहे.
३. घरची भाषा हे या संक्रमणाचे प्रमुख माध्यम आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या बहुभाषिक शहरांत इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडाला आजीचे भजन ऐकता येते, पण वाचता येईलच असे नाही. तेथे भाषेबरोबर श्रद्धेचा एक पदरही निसटू शकतो.
४. अलिखित कौटुंबिक स्मृतींचे संकलन ही ख्रिस्ती मराठी साहित्याच्या अभ्यासाची तातडीची गरज आहे. देवदत्तांनी आईला लिहिते केले नसते, तर मराठी भाषा एका श्रेष्ठ ग्रंथाला मुकली असती. ज्या घरांत आजीला अजून कोणी विचारलेले नाही, त्या घरांपर्यंत महाविद्यालयीन अभ्यासकांनी पोहोचणे म्हणूनच आवश्यक आहे.