निकाल आला, हेतू कुठे आहे?

 आजचा विषय कळल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला इंटरनेटवरच्या जाहिरातींशी काय देणंघेणं? आहे ना. एखाद्यानं नियम मोडला हे आपण कशावरून ठरवतो, आणि ठरवल्यावर त्याला काय सांगायला बांधील असतो, हा प्रश्न आमच्याच शास्त्रातला आहे, आणि बराच जुना आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. गूगलची अ‍ॅडसेन्स नावाची योजना २००३ पासून चालू आहे. तुमची वेबसाइट असेल तर तुम्ही अर्ज करता. मंजूर झाला की तुमच्या पानांवर गूगल जाहिराती लावतं. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत मुख्यतः वाचकानं त्यावर क्लिक केलं की जाहिरातदाराचे पैसे कापले जायचे, आणि त्यातला वाटा तुमच्या नावावर जमा व्हायचा. शंभर डॉलर साचले की रक्कम बँकेत येते. हिंदी वेबसाइटींना ही सोय २०१४ च्या अखेरीस मिळाली, मराठीला २०१८ साली. म्हणजे नंदुरबारात बसून मराठीत लिहिणाऱ्याला या बाजाराच्या दारात उभं राहायलाच पंधरा वर्षं लागली.

आता नियम. स्वतःच्या पानावरच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, मित्रांना करायला सांगायचं नाही, यंत्राकडून करवून घ्यायचं नाही, दुसऱ्याचा मजकूर चोरायचा नाही. नियम वाजवी आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण नियम मोडला असं कंपनीला वाटलं, की खातं बंद होतं आणि साचलेली रक्कमही अडकते. हा पहारा केवढा मोठा आहे पाहा. गूगलनंच प्रसिद्ध केलेल्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात सुमारे १३० कोटी पानांवरच्या जाहिराती रोखल्या किंवा मर्यादित केल्या गेल्या, आणि २ लाख २० हजारांहून जास्त वेबसाइटींवर सरसकट कारवाई झाली. एवढं काम माणसं बसून करत नाहीत, यंत्रं करतात.

चोरी खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही, बरं का. अमेरिकेत जाहिरातदारांनीच गूगलला कोर्टात खेचलं होतं, की खोट्या क्लिकचे पैसे आमच्याकडून घेता म्हणून. अर्कान्सामधला तो लेन्स गिफ्ट्सचा खटला २००६ साली ९ कोटी डॉलरच्या तडजोडीनं मिटला. त्यात अलेक्झांडर टुझिलिन या न्यूयॉर्कच्या प्राध्यापकांना आत जाऊन सगळी यंत्रणा तपासू दिली गेली. त्यांनी कंपनीचे प्रयत्न वाजवी ठरवले, पण एक पेचही नोंदवला. खोटं क्लिक ओळखायची रीत उघड केली तर लबाड माणसं तिचा फायदा घेतील. उघड केली नाही तर प्रामाणिक माणसाला काहीच पडताळता येणार नाही. या पेचाला वीस वर्षं होत आली, आणि तो आजही तसाच आहे.

आता न्यायशास्त्राकडे येऊ. आपले नैयायिक अनुमानाचे दोन प्रकार मानतात. एक स्वार्थानुमान. डोंगरावर धूर दिसला, मनात आलं की तिथे आग आहे, आणि आपली वाट बदलली. कुणाला काही सांगायची गरज नाही. दुसरं परार्थानुमान, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं. त्याला पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नुसतं ‘डोंगरावर आग आहे’ म्हणून भागत नाही. कशावरून, ते सांगावं लागतं. आणि सांगितलं की समोरचा त्यातला दोष दाखवू शकतो.

त्या दोषांतला एक म्हणजे उपाधी. कुणी म्हणालं, ‘जिथे आग तिथे धूर असतोच’, तर ते चूक आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर येतो ओल्या लाकडामुळे. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी, अनुमानात लपून बसलेली अट.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तळोद्याचा एक मुलगा मिरचीचे बाजारभाव देणारी वेबसाइट चालवतो. हंगाम सुरू झाला, वाचक एकदम वाढले, आणि जाहिरातींवरची बरीच क्लिक एकाच इंटरनेट-पत्त्यावरून आलेली दिसली. यंत्राचं अनुमान असं, की एकाच पत्त्यावरून खूप क्लिक, म्हणजे एकच माणूस, म्हणजे लबाडी. इथे ओलं लाकूड कोणतं? ‘प्रत्येक माणसाचा पत्ता वेगळा असतो’ ही अट. आपल्याकडे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. यंत्र एवढ्यावरच निकाल देतं असं आमचं म्हणणं नाही, ते आणखी पुष्कळ खुणा पाहत असेल. पण कोणत्या खुणेवरून दोषी ठरवलं हेच त्या मुलाला सांगितलं नाही, तर त्यानं ओलं लाकूड दाखवायचं कसं? अपिलाचा फॉर्म असतो, हे खरं. पण आरोपाचा आधार माहीत नसताना केलेलं अपील म्हणजे नुसती विनवणी.

आमचा आक्षेप एवढाच आहे. कंपनी स्वार्थानुमान करते आणि त्याच्या बळावर शिक्षा देते. स्वतःपुरता संशय घ्यायला, सावध राहायला स्वार्थानुमान पुरतं. दुसऱ्याची कमाई रोखायची तर परार्थानुमानच हवं. आणि रोखणारा इथे तिऱ्हाईत नाही. आरोप त्याचा, पुरावा त्याच्याकडे, निकाल त्याचा. अमेरिकेत वेबसाइट चालवणाऱ्यांनी २०१४ साली याच गोष्टीवर खटला भरला, की पैसे द्यायची वेळ आली की खाती बंद होतात आणि रक्कम जप्त होते. फ्री रेंज कंटेंटचा हा खटला २०१८ साली १ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीनं संपला. तळोद्याच्या मुलानं असा खटला कुठे आणि कोणत्या पैशांवर चालवायचा?

आता नंदुरबारकडे या. आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक टेंभलीला दिले गेले. तू कोण हे यंत्रानं ठरवायची सुरुवात आपल्याच मातीत झाली. आणि धडगाव-अक्कलकुव्यात वनहक्काचे दावे किती घरांनी केलेत ते तुम्हाला माहीत आहे. २००६ च्या त्या कायद्याखालच्या नियमांत दावा नाकारताना कारण नोंदवून दावेदाराला कळवायचं असतं, आणि त्याला अपिलासाठी साठ दिवस मिळतात. प्रत्यक्षात हे नेहमी होतं का? नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायला सांगितलं, आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच तो आदेश थांबवला. दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली होती का, हे राज्यांना विचारलं गेलं. म्हणजे हेतू सांगितला होता का, हाच प्रश्न.

कुणी म्हणेल, जमीन कुठे आणि जाहिरातीचे शंभर डॉलर कुठे! रक्कम लहान आहे, कबूल. आणि सरकारला लागू होणारं नैसर्गिक न्यायाचं तत्त्व खाजगी करारात तसंच्या तसं येत नाही, हेही खरं. युरोपनं २०१९ साली ऑनलाइन मंचांना छोट्या व्यावसायिकांना कारणं द्यायची सक्ती केली, तेव्हाही जाहिरातीची साधनं त्या कायद्याबाहेर ठेवली. पण शिक्षा झालेल्याला कारण कळण्याचा अधिकार रकमेच्या आकारावर ठरत नाही.

‘कारण सांगितलं तर चोर शहाणे होतील’, हे उत्तर आम्ही निम्मंच मान्य करतो. गुपित सगळं उघडू नका. पण कोणत्या तारखांचा व्यवहार, कोणतं पान, कोणत्या प्रकारचा दोष, एवढं सांगून चोर शहाणा होत नाही. उरलेलं गुप्त राहू द्या, पण ते एखाद्या तटस्थ जाणकाराला पाहू द्या. हे अशक्य नाही. जाहिरातदारांनी दार ठोठावलं तेव्हा टुझिलिन आत गेलेच होते. पैसे देणाऱ्यासाठी जे दार उघडलं, ते लिहिणाऱ्यासाठी का उघडू नये? आणि तपास पुरा होईपर्यंत रक्कम जप्त न करता बाजूला ठेवता येते. आपल्याकडे कोर्टात पैसे जमा करून ठेवतात, तसं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. तुमच्यापैकी ज्यांच्या वेबसाइटी आहेत त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक असणार. आम्ही कुठे चुकलो ते सांगा, फक्त हेतूसकट सांगा. आता प्रश्न घेऊ.