दुभाष्याचे शुभवर्तमान

'नव्या करारा'तल्या चार शुभवर्तमानांपैकी मार्कचे सर्वांत लहान, अवघ्या 16 अध्यायांचे. ते इ. स. 70 च्या आसपासचे, म्हणजे चारांतले सर्वांत जुने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरी शतकानुशतके त्याच्या वाट्याला दुय्यम स्थान आले. संत ऑगस्टीनने मार्कला मत्तयाच्या मागून चालणारा, त्याचा संक्षेप करणारा ठरवले. त्याची ग्रीक भाषाही ओबडधोबड म्हणून गणली गेली. 'आणि', 'लगेच' या शब्दांची रेलचेल, भूतकाळ-वर्तमानकाळाची सरमिसळ! मला मात्र वाटते, हे दोष एकट्याने मनात वाचणाऱ्याला खुपतात. चार माणसांत मोठ्याने वाचले, की त्यांचे प्रयोजन ध्यानी येते.

तशी वाचनाची रीत जुनीच आहे. इ. स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टरने लिहून ठेवले आहे, की रविवारी ख्रिस्ती मंडळी एकत्र जमत, प्रेषितांच्या आठवणी वेळ असेल तोवर वाचल्या जात आणि मग प्रमुख त्यावर बोलत. आपण पोथी लावतो, त्याचीच ही सोयरी. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापले तेही ओवीबद्ध, म्हणजे कानासाठीच. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जणांनी मार्क असाच लावला. एकाने मराठी वाचायचे, दुसऱ्याने कन्नड भाषांतर समोर धरायचे, आणि अडेल तिथे सर्वांनी थांबायचे. जमलेल्यांत ख्रिस्ती दोघेच. बाकीचे आम्ही श्रोते.

थांबण्याची पहिली जागा भाषेचीच निघाली. मार्क हा पेत्राचा दुभाषी होता, असे दुसऱ्या शतकातला पापियास सांगतो. त्याचे म्हणणे पुढे युसेबियसने जपून ठेवले. आजचे अनेक संशोधक ही माहिती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. पण ग्रंथ ऐकताना 'दुभाषी' हा शब्द पदोपदी आठवतो. येशूची बोली अरामी, ग्रंथ ग्रीक. घरात रडारड चाललेली असताना मुलीचा हात धरून येशू म्हणतो, 'तलीथा कूम'. बहिऱ्याचे कान उघडताना 'एफ्फाथा'. मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थनेत 'अब्बा'. प्रत्येक शब्दापाठोपाठ मार्क ग्रीक अर्थ देतो, पण मूळ शब्द टाकून देत नाही. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत हे तिन्ही शब्द नाहीत. भाषा तिथे सफाईदार झाली. माणसाचा आवाज मात्र दूर गेला. बाजारात एक भाषा आणि आजीच्या कुशीत दुसरी, अशा घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

खरा वाद झाला तो सातव्या अध्यायावर. सोर प्रांतात, म्हणजे सीमेपलीकडे, एक परकी स्त्री आजारी लेकीसाठी येशूच्या पाया पडते. मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकणे बरे नव्हे, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळते. मूळ ग्रीक शब्द 'कुत्र्याचे पिलू' असा लघुत्ववाचक आहे, म्हणून त्यात लाडिकपणा शोधणारे भाष्यकार आहेत. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते साफ नाकारले. "हिणवताना कुणी लाडाचा प्रत्यय लावला, म्हणून ते हिणवणे कमी होत नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचेच पटते. कठोरपणा तसाच राहू दिला, तरच बाईच्या उत्तराचे तेज दिसते. मेजाखालचा चुरा तरी कुत्र्यांना मिळतोच ना, असे ती त्याच्याच उपमेत त्याला सांगते आणि तिची लेक बरी होते. मत्तयाने हाच प्रसंग सांगताना श्रेय तिच्या श्रद्धेला दिले. मार्कमध्ये श्रेय तिच्या बोलण्याला आहे. परक्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे शब्द ऐकून घेतले जातात, आणि त्या शब्दांनी निर्णय बदलतो. या ग्रंथाचे मोठेपण मला इथे दिसते.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. गालीलपासून येशूच्या मागे चालत आलेल्या, त्याची सेवा करणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख मार्क करतो तो पंधराव्या अध्यायात, क्रुसाजवळ. तोवर त्या आहेत हेच आपल्याला ठाऊक नसते. कथनाच्या घाईत झालेला हा अन्याय आहे, आणि शेवट त्याच स्त्रियांवर येऊन ठेपल्याने तो अधिकच जाणवतो.

आणि तो शेवट! चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत ग्रंथ 16 व्या अध्यायाच्या आठव्या ओळीशीच संपतो. रिकामी कबर पाहून स्त्रिया भीतीने पळतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओळी नंतरच्या हाताच्या, असे बहुतेक संशोधकांचे मत आहे. एकट्याने वाचताना पान फाटल्यासारखे वाटते. बैठकीत मात्र तिथे शांतता पसरली, आणि एका विद्यार्थ्याने विचारले, "सांगितलेच नाही, तर मग आपल्यापर्यंत आले कसे?" कुणीतरी कधीतरी धीर करून सांगितले असणार, आणि ते दुसऱ्या भाषेत नेणारा कुणी दुभाषीही भेटला असणार. मार्क हे लिहीत नाही. ऐकायला बसलेल्यांनी ते ओळखायचे. सीमाभागातल्या वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, पण दोन-चार शेजारी गोळा करून आणि मोठ्याने.