शेवटचे काही सेकंद आणि त्याआधीची काही मिनिटे

वेग, बल आणि स्थैर्य हे धडे शिकवताना उपयोगी पडावी अशी एक जुनी कृष्णधवल चित्रफीत आहे. स्थळ इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवर, दिवस 4 जानेवारी 1967. ‘ब्ल्यूबर्ड के-7’ ही जेट इंजिनाची नौका पाण्यावरून भन्नाट वेगाने येते. एकाएकी तिचे नाक उचलले जाते, ती पाणी सोडते, हवेत मागच्या मागे कोलांटी घेते आणि पाण्यावर आदळून फुटते. चालक डोनाल्ड कॅम्पबेल या अपघातात मरण पावला. त्याचे वय 45 होते.

ही दृश्ये गेली अनेक वर्षे माहितीपटांतून, बातमीपटांतून आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांतून पुनःपुन्हा दाखवली गेली आहेत. त्यांच्याभोवती जी कथा गुंफली जाते तिच्याविषयी आम्हाला एक तक्रार नोंदवायची आहे. कॅमेरा प्रामाणिक आहे, पण कथा फार उशिरा सुरू होते. नाक उचलले गेल्यापासूनचे काही सेकंद आपण डोळे विस्फारून पाहतो. ज्या काही मिनिटांत खरा निर्णय झाला, ती मिनिटे मात्र कथेत बहुधा एका वाक्यात उरकली जातात.

ही कथा सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिला प्रकार शौर्याचा. धाडसी माणूस वेगाच्या सीमेपलीकडे गेला आणि निसर्गाने त्याला गाठले. दुसरा प्रकार नशिबाचा. कॅम्पबेल शकुन-अपशकुन मानणारा होता, हिरवा रंग त्याला अशुभ वाटे. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी पत्ते खेळताना त्याच्या हाती इस्पिकचा एक्का आणि राणी आली आणि त्याने ते मृत्यूचे चिन्ह मानले, ही हकिगत तर प्रत्येक कथनात असतेच. ती सांगायला आमची हरकत नाही. माणसाची मनःस्थिती कळायला तिचा उपयोग आहे. पण पत्त्यांना जेवढा वेळ मिळतो तेवढा सरोवराच्या पाण्याला मिळत नाही, हे आम्हाला खटकते.

आधी नौकेविषयी थोडेसे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असते. म्हणून अतिवेगवान नौका पाण्यात बुडून चालत नाही, ती पाण्याच्या पृष्ठावरून घसरते. ब्ल्यूबर्डला पुढे दोन बाजूंना दोन पाय होते आणि तिसरा टेकू शेपटीकडे. वेगात असताना या तीन ठिकाणचे छोटे भागच काय ते पाण्याला टेकत. बाकीची नौका हवेत, आणि तिच्या सपाट पोटाखालूनही हवाच. नाक थोडे वर झाले की पोटावर हवेचा रेटा वाढतो, त्याने नाक आणखी वर जाते, आणि रेटा आणखी वाढतो. एका मर्यादेपर्यंत वजन हे नाक खाली आणते. ती मर्यादा ओलांडली की परत फिरणे नाही.

हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 1955 साली याच नौकेने पहिला विक्रम केला तेव्हा वेग होता ताशी सुमारे 326 कि.मी. शेवटच्या दिवशी तिने ताशी 528 कि.मी. गाठले. म्हणजे वेग 1.6 पट, पण तितक्याच कोनाला हवेचा रेटा 2.6 पट. नौका मूळची तीच, सुमारे बारा वर्षांची. इंजीन मात्र नव्याने बसवलेले, अधिक जोरकस ‘ऑर्फियस’. 1965 च्या युद्धात आपल्या हवाई दलाने वापरलेल्या नॅट विमानांत याच जातीचे इंजीन होते.

आता त्या मिनिटांकडे वळू. नियमानुसार मोजलेले अंतर दोन्ही दिशांनी पार करायचे असते आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात. दोन धावांसाठी मुदत एक तासाची. कॅम्पबेलची पहिली धाव ताशी सुमारे 479 कि.मी. वेगाने झाली. नेहमीची पद्धत अशी, की सरोवराच्या टोकाला थांबायचे, इंधन भरायचे आणि आपल्याच नौकेने उठवलेल्या लाटा शांत होऊ द्यायच्या. त्या दिवशी तो इंधन न भरता, पाणी निवळण्याची वाट न पाहता लगेच परत फिरला. तासाभराच्या मुदतीतली काही मिनिटेच खर्च झाली होती.

एक साधे गणित विद्यार्थ्यांना घालावे. आधीचा विक्रम कॅम्पबेलचाच, 31 डिसेंबर 1964 रोजी ऑस्ट्रेलियात केलेला, ताशी 444.7 कि.मी.चा. पहिली धाव 479 ची झाल्यावर तो मोडण्यासाठी परतीच्या धावेत किती वेग हवा होता? ताशी 420 कि.मी. पुरेसा होता. पण कॅम्पबेलचे उद्दिष्ट होते ताशी 300 मैलांच्या, म्हणजे 483 कि.मी.च्या पुढे जाण्याचे. त्यासाठीही परतीला सुमारे 487 कि.मी. पुरले असते. प्रत्यक्षात नौकेचा कमाल वेग 528 पर्यंत गेला. हे आकडे आम्हाला इस्पिकच्या राणीपेक्षा जास्त बोलके वाटतात.

येथे एक सावधगिरी हवी. अपघाताचे नेमके कारण काय, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. कुणी पहिल्या धावेच्या लाटांना दोष देतात, कुणी ऐन वेळी इंजिनाचा जोर कमी पडल्याकडे बोट दाखवतात. तेव्हा ‘थांबला असता तर नक्की वाचला असता’ असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चूक पोटात घालणारी जी थोडीशी मोकळीक त्या नौकेला होती, ती प्रत्येक निर्णयागणिक कमी होत गेली. शेवटी एखादी लाट किंवा इंजिनाची एखादी कुचराई पुरेशी ठरावी, अशी स्थिती उरली. ताशी 528 कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे 147 मीटर. या वेगात माणसाच्या कौशल्याला फारसा वावच नसतो. जबाबदारी पार पाडायची ती किनाऱ्यावर, इंजीन मंद असताना.

मग ही जबाबदारी एकट्या कॅम्पबेलची का? कथेला आणखी एक प्रश्न विचारता आला असता: त्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कुणाला होता? नौका त्याची, मोहीम त्याची, चालकही तोच. नोव्हेंबरपासून वाईट हवामानामुळे आठवडेच्या आठवडे वाया गेलेले, पैशांची ओढाताण, वार्ताहर ताटकळलेले. अशा वेळी घाई हा स्वभावदोष राहत नाही, ती परिस्थितीच बनते. म्हणूनच शहाणे लोक नियम आधी करून ठेवतात आणि तो मोडण्याची मुभा स्वतःलाही देत नाहीत.

पुढे जगाने असे काही नियम केले. छोट्या वेगवान नौकांत चालकाच्या अंगाला अडकवायची एक दोरी असते. तो पाण्यात फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजीन बंद पडते. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांहून लहान यांत्रिक नौका वेगात चालवताना अशी सोय वापरणे बंधनकारक झाले. दोरी किमतीने किरकोळ. पण ती अडकवायला चालकाचाच हात लागतो.

कॅम्पबेलने निदान धोका पत्करला तो स्वतःपुरता. सगळीकडे तसे नसते. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या एका वेगवान नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती. तिच्यावरचे नियंत्रण सुटले आणि घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर ती आदळली. 15 माणसे गेली. चाचणी म्हणजे यंत्र बिघडू शकते हे गृहीत धरूनच केलेले काम. तेव्हा अशा कामासाठी पाणी रिकामे असणे, हाही चाचणीचाच भाग मानायला हवा.

शिक्षकांना आमची सूचना अशी. चित्रफीत अवश्य दाखवा, पण आधी एक प्रयोग करा. पोस्टकार्डाची मागची कडा चिकटपट्टीने टेबलावर बिजागरीसारखी बसवा, पुढच्या कडेला दोन-तीन कागदी क्लिपा लावा आणि ती कडा टेबलफॅनकडे करा. पुढच्या कडेखाली आधी पेन्सिल, मग जाड खडू सरकवून ती थोडी थोडी उचला आणि कार्ड कधी उलटते ते पाहा. नंतर पंख्याचा वेग वाढवून पुन्हा पाहा. आता कमी उचलूनही भागते का? (चालत्या एस.टी.च्या खिडकीबाहेर हात काढून हा अनुभव घ्यायला मात्र कुणाला सांगू नका.) मग सरासरीचे गणित सोडवून घ्या. चित्रफीत सर्वांत शेवटी, आणि ती संपल्यावर प्रश्न एकच विचारा: ‘कॅम्पबेलला शेवटचे कधी थांबता आले असते?’

पहिल्यांदा मुले पडद्यावरच्या त्या क्षणाकडे बोट दाखवतील, जेव्हा नाक वर येते. त्यांना थोडे मागे न्या, आणखी मागे न्या. पडद्यावर जे दिसतच नाही त्या सरोवराच्या टोकापर्यंत, हिंदकळणाऱ्या पाण्यापर्यंत ती स्वतःहून पोहोचली, की धडा शिकवून झाला असे समजावे.